जुन्या पानांची साक्ष

आईच्या पोथीतले पिंपळपान माझ्याबरोबर इथे लंडनला आले. ते कुठल्या झाडाचे, कुठल्या वर्षीचे, हे सांगणारे आता कुणी नाही.

याच गावात जॉन डिअरनेस (१८५२–१९५४) नावाचे शिक्षक राहत. शाळा सांभाळून त्यांनी आयुष्यभर बुरशी गोळा केली. पुण्याच्या आघारकर संस्थेतही आजरेकरांच्या नावाने असाच संग्रह आहे. वाळका नमुना, आणि सोबत जागा व तारीख!

या चिठ्ठीची किंमत २०१३ साली नव्याने कळली. १८४५ पासून आयर्लंडचा बटाटा ज्या रोगाने कुजवला, त्याची एकोणिसाव्या शतकातली रोगट पाने क्यू आणि म्युनिकच्या संग्रहांत होती. त्यांच्या कणभर तुकड्यांतून डीएनएचे तुटके धागे काढून शास्त्रज्ञांनी ते संगणकावर जुळवले. ज्या वाणावर पूर्वी संशय होता तो नव्हे, त्याचा भाऊबंद गुन्हेगार निघाला. त्याच दुष्काळाने १८४७ मध्ये हजारो आयरिश निर्वासित कॅनडात आणले होते.

पाने जपणाऱ्यांना डीएनए हा शब्दही ठाऊक नव्हता. त्यांनी फक्त नीट लिहून ठेवले.

परवा पिंपळपान पाकिटात घातले. वर आईचे नाव, गाव लिहिले. वर्षाची जागा मोकळीच राहिली. वाचकहो, घरात सांगणारे आहेत तोवर विचारून घ्या.