अ‍ॅडमिनचा मान

लांज्याकडे ‘मान’ म्हटलं की आधी शिमगा आठवतो. पालखीला पहिला खांदा कुणाचा, गाऱ्हाणं कोण घालणार, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. गावकर, मानकरी, गुरव, प्रत्येकाचा अधिकार वेगळा आणि त्यावरून होणारी भांडणंही जुनीच. आमच्या वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा मान मात्र ज्याने ग्रुप काढला त्याला मिळाला. म्हणजे मुंबईतल्या एका चाकरमान्याच्या पोराला. पालखी कुठल्या दिवशी कुणाच्या अंगणात, हे आता मानकऱ्यांआधी तो सांगतो.

त्याच्या हातात सुरुवातीला होतं काय? माणूस घेणं आणि माणूस काढणं. बस्स. कोण काय लिहितो त्यावर ताबा शून्य.

२०१८ साली हे बदललं. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेले. अफवा मोबाइलवरून फिरली होती. फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकेल, अशी सोय त्याच सुमारास आली. त्याच महिन्यात भारतात फॉरवर्डला एका वेळी पाच चॅटची मर्यादा घातली गेली.

मग प्रश्न आला जबाबदारीचा. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रुपवर एका सदस्याने महिला सदस्याबद्दल अश्लील लिहिलं आणि गुन्हा अ‍ॅडमिनवरही नोंदला गेला. त्याने त्या माणसाला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, अशी तक्रार होती. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्यावरचा खटला रद्द केला. अ‍ॅडमिनला अधिकारच मर्यादित, मजकूर ग्रुपवर पडण्याआधी तो अडवू शकत नाही. दोघांचा आधीपासून समान हेतू असल्याशिवाय दुसऱ्याच्या लिहिण्याचा दोष त्याच्यावर येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

मला हा निकाल पटतो. पण पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसायची सोय मिळाली. आधी अडवणं आजही जमत नाही, पण पडल्यावर पुसणं जमतं. मग न पुसणाऱ्याचं काय? आमचा अ‍ॅडमिन तर दिवसभर कामावर असतो, मेसेज रात्री बघतो. गेल्या शिमग्यापासून त्याने गावातल्या दोन मानकऱ्यांनाही अ‍ॅडमिन केलंय. एकाने पहिल्याच दिवशी दुसऱ्याच्या भावकीचे तीन मेसेज पुसले.