डॅशबोर्डची भेग : रायपूरचे ऊन आणि उडून जाणारा कापूर

रायपूर साधारण सव्वाएकवीस अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यात, दुपारचा सूर्य शहराच्या जवळजवळ नेमका माथ्यावर येतो. जुलैत ढग असतात. मेमध्ये काही आडवे येत नाही. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो आणि टाटीबंधच्या चौकाकडे मुंबई-कोलकाता महामार्गावरून आलेली वाहने सावलीचा तुकडा शोधत उभी राहतात. त्यांत पंधरा-वीस वर्षे वापरलेले पिकअप पुष्कळ असतात. अशा एखाद्या गाडीच्या काचेतून आत डोकावले, तर हवेच्या झरोक्याच्या कोपऱ्यापासून निघून पुढच्या काचेच्या दिशेने गेलेली एक भेग हमखास दिसते. चालकाला कारण विचारले तर तो एकच शब्द उच्चारतो : ऊन. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. ऊन तर बॉनेटच्या पत्र्यावरही पडते आणि तो तडकत नाही.

आधी तापमानाचा हिशेब. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातल्या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार, उन्हाळ्यात तासभर उन्हात उभ्या राहिलेल्या मोटारींच्या आतील हवा सरासरी 47 अंश सेल्सियसपर्यंत तापली. डॅशबोर्डचा पृष्ठभाग मात्र सरासरी 69 अंशांवर गेला. सावलीत ठेवलेल्या गाड्यांत हाच पृष्ठभाग 48 अंशांच्या आसपास राहिला. काचेतून आत आलेला प्रकाश डॅशबोर्डचा काळा पृष्ठभाग शोषतो आणि तापतो. त्यातून बाहेर पडणाऱ्या दीर्घ तरंगलांबीच्या अवरक्त किरणांना काच सहज वाट देत नाही, आणि गरम झालेली हवाही कोंडून राहते. अ‍ॅरिझोनाचा उन्हाळा आणि छत्तीसगडचा मे महिना यांत फार अंतर नाही. रासायनिक क्रियेचा वेग दर दहा अंशांमागे सुमारे दुप्पट होतो, हा ढोबळ नियम लावला, तर सावलीतील डॅशबोर्ड जे चार दिवसांत भोगतो, ते उन्हातला एका दिवसात भोगतो.

या भागाचा जन्म मात्र उष्णतेशी सर्वस्वी असंबद्ध आहे. घोडागाडीत बसलेल्यांच्या अंगावर घोड्याच्या टापांनी चिखल उडू नये म्हणून पुढे एक लाकडी किंवा चामड्याची उभी फळी लावत. चिखलाचे शिंतोडे अडवणारी फळी, एवढाच ‘डॅशबोर्ड’ या शब्दाचा मूळ अर्थ. घोडा गेला, इंजिन आले, फळी तेवढी राहिली आणि तिच्यावर मापके बसवली जाऊ लागली. 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्रने विलीज जीपच्या जुळणीस आरंभ केला, तेव्हा त्या जीपचा डॅशबोर्ड म्हणजे रंगवलेला सपाट पोलादी पत्रा होता. तो गंजतो, पोचतो, पण तडकत नाही. जुन्या जीपचा डॅशबोर्ड दुरुस्त करायचा म्हणजे घासून पुन्हा रंग देणे, इतकेच काम.

मग लोखंड सोडून प्लॅस्टिक का स्वीकारले? उत्तर शस्त्रक्रियेच्या दालनात सापडते. डेट्रॉइट शहरात क्लेअर स्ट्रेथ नावाचे प्लॅस्टिक सर्जन होते. अपघातात पोलादी डॅशबोर्डावर आपटून चेहऱ्याचा चुराडा झालेले रुग्ण, त्यातही चालकाशेजारी बसणारे, त्यांच्याकडे सतत येत. 1930 च्या दशकापासून त्यांनी मोटार कंपन्यांकडे मऊ डॅशबोर्डाचा आणि आत दबलेल्या बटणांचा आग्रह धरला. कंपन्या हळूहळू हलल्या. 1956 मध्ये फोर्डने मऊ अस्तराचा डॅशबोर्ड जादा पैसे घेऊन देऊ केला. 1965 मध्ये राल्फ नेडर यांच्या पुस्तकाने मोटारींच्या असुरक्षित रचनेवर टीकेची झोड उठवली, पुढच्याच वर्षी अमेरिकेत वाहनसुरक्षेचा कायदा झाला, आणि 1 जानेवारी 1968 पासून प्रवासी मोटारींच्या अंतर्भागाने डोक्याचा आघात सौम्य करावा असे मानक लागू झाले. आज रेषेरेषेने तडकणारा तो पदार्थ माणसांचे चेहरे वाचवण्यासाठी गाडीत आला, हे त्याच्याविषयी तक्रार करताना ध्यानात ठेवलेले बरे.

मऊपणासाठी जे दोन पदार्थ निवडले गेले, त्यांपैकी पॉलियुरेथेन 1937 मध्ये ओटो बायर यांच्या जर्मनीतील प्रयोगशाळेत जन्मले. त्याचा फेस आतली गादी झाला. वरचे कातडे पीव्हीसीचे. त्याची कथा अधिक रंजक आहे. पीव्हीसी एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होते, पण कडक, ठिसूळ आणि तापवले की विघटित होणारे, म्हणून कुणाच्या फारसे उपयोगाचे नव्हते. 1926 मध्ये गुडरिच कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ वॉल्डो सीमन रबर धातूला चिकटवणारा पदार्थ शोधत होते. उच्च उत्कलनबिंदूच्या द्रावकात पीव्हीसी तापवल्यावर त्यांच्या हाती रबरासारखा लवचीक गोळा आला. द्रावकाचे रेणू पीव्हीसीच्या लांब साखळ्यांमध्ये शिरून बसले होते आणि साखळ्या एकमेकींवरून घसरू शकत होत्या. शुद्ध पीव्हीसी सुमारे 80 अंशांखाली काचेसारखे कडक असते. या तापमानाला काचसंक्रमण तापमान म्हणतात. मृदुकारक मिसळले की तेच तापमान शून्याच्याही खाली उतरते. मऊ पीव्हीसीच्या वजनात अनेकदा तिसरा हिस्सा अशा मृदुकारकाचा असतो, आणि दीर्घकाळ तो थॅलेट गटातल्या तेलांचा होता.

ही युक्ती सीमनच्या आधीची आहे, आणि तिचा पहिला नायक आपल्या देवघरातला आहे. 1870 च्या सुमारास अमेरिकेत जॉन हायट यांनी नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळून सेल्युलॉइड बनवले. कापराशिवाय नायट्रोसेल्युलोज हाताळणे अवघड. कापूर घातला की ते साच्यात ओतता येते, ताणता येते. आपल्याकडे गाडीच्या सीटवरील कापडाला आजही ‘रेग्झीन’ म्हणतात. तो मूळचा इंग्लंडमधील एका कंपनीचा व्यापारी शब्द, आणि त्या मूळ कापडावरचा लेपही नायट्रोसेल्युलोज व कापूरतेलाचाच. आता कापराचा स्वभाव कोणाला सांगायला नको. उघडी डबी महिनाभर विसरलात, तर वडी झिजलेली सापडते. कापरामुळे आलेली लवचीकता कापरासोबतच निघून जाते.

पीव्हीसीतली तेले कापरापेक्षा कितीतरी सावकाश उडतात. खोलीच्या तापमानाला ती जवळपास स्थिर भासतात. पण 70 अंशांवर, रोज पाच-सहा तास, दहा-पंधरा उन्हाळे, असा हिशेब मांडला की ‘सावकाश’ या शब्दाला अर्थ उरत नाही. रेणू पृष्ठभागाकडे झिरपतात, हवेत जातात आणि तुलनेने थंड असलेल्या पुढच्या काचेच्या आतल्या बाजूवर सांद्र होऊन बसतात. काच पुसली तरी पुन्हा धरणारा तो तेलकट, धुरकट पापुद्रा काही अंशी डॅशबोर्डाचाच अंश असतो. रात्री समोरच्या ट्रकचा दिवा त्या पापुद्र्यावर पसरला की चालकाला क्षणभर रस्ता दिसत नाही. जर्मनीत या ‘फॉगिंग’च्या मोजणीसाठी स्वतंत्र मानक करावे लागले, ते उगीच नव्हे. काही तेल खालच्या फेसातही मुरते, आणि उलट दिशेने फेस बनवताना वापरलेली अमाइन संयुगे कातड्यात शिरून पीव्हीसीचे विघटन वेगाने घडवून आणतात. म्हणजे गादी आणि कातडे, दोन्ही एकमेकांना पोखरत असतात.

तेल गेलेले कातडे आकसते, पण खालची पोलादी चौकट आकसत नाही. त्यात रोजचे तापणे-निवणे. कडक पीव्हीसीची एक मीटरची पट्टी 15 अंशांवरून 70 अंशांवर नेली, तर सुमारे 4 मिलिमीटर वाढते. तेवढ्याच लांबीचे पोलाद पाऊण मिलिमीटरहूनही कमी. दोघे स्क्रूंनी एकत्र बांधलेले, त्यामुळे वाढू पाहणारा ताणला-दाबला जातो. म्हणूनच नुकसान उन्हाळ्यात होते आणि भेग कधी कधी डिसेंबरच्या पहाटे प्रकट होते, जेव्हा आकसलेले, कडक झालेले कातडे गारठ्याने आणखी ताणले जाते. भेग कोठे उगवेल, हे 1913 मध्ये इंग्रज अभियंता चार्ल्स इंग्लिस यांनी गणिताने दाखवून ठेवले आहे : पत्र्यातल्या गोल भोकाच्या काठावर ताण तिप्पट होतो, आणि भोक जितके टोकदार, तितका तो वाढतो. झरोक्याचा कोपरा, स्पीकरची चौकट, स्क्रूचे भोक. 1921 मध्ये ग्रिफिथ यांनी काचेवरील प्रयोगांतून पुढचा दुवा जोडला. ठरावीक लांबी ओलांडलेली भेग पुढे सरकताना जितकी ऊर्जा खर्च करते त्याहून अधिक मोकळी करते. मग तिला थांबायला कारणच उरत नाही.

भारतीय मालवाहू गाड्यांत चित्र थोडे निराळे आहे. पुण्यात बनलेली टाटा 407 1986 मध्ये आणि टाटामोबिल हा पिकअप 1988 मध्ये रस्त्यावर आला. या वर्गातील गाड्यांत गादीदार कातड्याचे चोचले क्वचितच असत. एकसंध कडक प्लॅस्टिकचे साचेच अधिक. डोक्याच्या आघाताविषयीचा युरोपीय नियमही प्रवासी मोटारींपुरता लिहिलेला, त्यामुळे माल वाहणाऱ्याच्या कपाळाची चिंता नियमांनीही कमीच केली. अशा साच्यांत पॉलिप्रॉपिलीन बरेच आढळते; त्याची साखळी शिस्तीत बांधण्याचे काम इटलीत जुलिओ नाट्टा यांनी 1954 मध्ये साधले. यात मृदुकारक तेल नसते, मग ते का तडकावे? कारण त्यातही एक गंगाजळी असते. उष्णतेत ऑक्सिजन साखळ्या तोडू लागतो, त्याला अडवण्यासाठी अल्प प्रमाणात प्रतिऑक्सिडीकारके मिसळलेली असतात. प्रत्येक रेणू थोडाच काळ लढतो आणि खर्ची पडतो. साठा शिल्लक असेपर्यंत वरून काहीच दिसत नाही. तो संपला की अल्प काळात प्लॅस्टिक खडूसारखे भुसभुशीत होते. पीव्हीसी असो वा पॉलिप्रॉपिलीन, टिकाऊपणा मुख्य साखळीपेक्षा तिच्यात मिसळलेल्या या पाहुण्या रेणूंचा असतो, आणि पाहुणे कायमचे राहत नाहीत.

दुरुस्तीचा सारा विवेक येथून सुरू होतो. बाजारातली चकाकी देणारी तेले गेलेले मृदुकारक परत भरत नाहीत. ती पृष्ठभागावर राहून काचेत प्रतिबिंब तेवढे वाढवतात. थिनर किंवा पेट्रोलने पुसणे तर घातकच, कारण उरलेले तेलही ते खेचून काढते. भेग लहान असेल तर पहिले काम तिच्या दोन्ही टोकांना दोन-तीन मिलिमीटरचे भोक पाडणे. गोल टोकापाशी ताण विरतो, हे इंग्लिसचेच गणित. पत्रेकाम करणारे कारागीर सूत्र न वाचताही ते करतात. मग भेग इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात कोरून त्यात लवचीक भरण घालावे लागते. कडक भरण घातले तर पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या शेजारीच नवी भेग पडते, कारण चौकट आणि कातडे यांचे भांडण मिटलेले नसते.

कडक साच्यात आधी पदार्थ ओळखावा. भागाच्या पाठीवर ‘पीपी’ किंवा ‘एबीएस’ अशी उठावाची अक्षरे असू शकतात; बऱ्याच जुन्या भागांवर ती नसतात. एबीएस अ‍ॅसिटोनमध्ये विरघळते, म्हणून त्याच प्लॅस्टिकचे तुकडे विरघळवून केलेल्या लगद्याने ते सांधता येते. पॉलिप्रॉपिलीनवर बाजारातला झटपट गोंद धरतच नाही. त्याला गरम हवेने, त्याच जातीच्या कांडीने वेल्ड करावे लागते, किंवा मागून तारेची जाळी वितळवून बसवावी लागते. नखाने दाबल्यावर कडा भुकटीसारखी झडत असेल, तर वेल्डसुद्धा व्यर्थ आहे.

बदलायचे ठरले की भंगारबाजाराची वाट दिसते. तेथे मिळणारा न तडकलेला डॅशबोर्ड स्वस्त असतो, पण तो त्याच वयाचा असेल तर त्याचीही गंगाजळी बहुधा तळाला गेलेली असते. तो सावलीत पडून होता की उन्हात, हे त्याच्या किमतीहून महत्त्वाचे. जुन्या भेगाळ डॅशबोर्डावर रेग्झीन ताणून बसवणारे कारागीर अनेक शहरांत आहेत. ज्या गाडीत समोर एअरबॅग नाही तिच्यात हे काम चालते. जिच्यात आहे, तिच्या झाकणावर काहीही चिकटवू नये.

उन्हाला काचेतच अडवावे म्हटले तर काळी फिल्म हा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये बंद केला. पुढच्या व मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश जावा असा नियम आहे. उरतो तो ट्रकचालकांचा जुना उपाय. डॅशबोर्डावर अंथरलेले केसाळ, भडक रंगाचे कापड पाहून शहरी माणसे हसतात. परंतु ऊन ते कापड स्वतःवर घेते, त्याच्या तंतूंत अडकलेली हवा उष्णता खाली जाऊ देत नाही, आणि खराब झाल्यावर थोड्या पैशांत नवे आणता येते. गणपतीची मूर्ती त्यावर ठेवायची असल्यास अगरबत्ती मात्र खाली उतरवावी.

आणि नवा भाग बसवणाऱ्या मेकॅनिककडे एक गोष्ट पाहावी. बॅटरीची तार सोडून, मापकामागची स्पीडोमीटरची केबल काढून, तो जुना सांगाडा बाहेर घेईल. नव्यात काही स्क्रूंची भोके गोल नसून लांबट असतात. ती साच्याची चूक नव्हे. उन्हात वाढणाऱ्या प्लॅस्टिकला सरकण्यासाठी सोडलेली ती काही मिलिमीटरची जागा आहे. घाईतला हात तेथे मोठी चकती लावून स्क्रू आवळून टाकतो. स्क्रू बसल्यावर भाग हाताने किंचित सरकतो की नाही, एवढे तपासून पाहावे.