किरणोत्सर्ग आणि वऱ्हाडातील कडधान्ये

तेल्हारा तालुक्यात (जि. अकोला) खरिपात उडीद पेरणाऱ्याला अणुरसायनशास्त्र दूरचे वाटते, पण ते बियाण्याच्या पिशवीतूनच आलेले असते. कोबाल्ट-५९ अणुभट्टीत न्यूट्रॉन शोषून कोबाल्ट-६० होतो. हे अस्थिर अणुकेंद्र बीटा कण आणि गॅमा किरण टाकून निकेल-६० बनते; अर्धायुष्य सुमारे ५.२७ वर्षे. गॅमा किरण बियाण्याच्या डीएनएत बदल घडवतात. बहुतेक बदल निरुपयोगी, म्हणून खरे कष्ट पुढच्या पिढ्यांतील निवडीचे. तुर्भे (ट्रॉम्बे) येथील भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी अशा उत्परिवर्ती वाणाच्या संकरातून १९८५ मध्ये ‘टीएयू-१’ उडीद दिला. महाराष्ट्रात तो फार पसरला. भुरी रोगाला दाद न देणारा ‘टीएआरएम-१’ मूग आणि ‘टीएजी-२४’ भुईमूग हेही याच जोडीचे. नावांतील ‘टीए’ म्हणजे ट्रॉम्बे-अकोला.

लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात याच किरणांनी कांद्याचे कोंब रोखतात, आंब्यातील कीड वंध्य करतात. कर्करोगावरील उपचारातही कोबाल्ट-६० वापरतात. गॅमा किरणांनी बियाणे वा कांदा किरणोत्सर्गी होत नाही. तशी भीती निराधार आहे.