गढूळ पूल आणि १०८ घागरी

मागच्या वीकेंडला अलिबागला गेलो होतो. बघतो तर काय, बंगल्याचा पूल गढूळ! माळीकाकांनी पीएच ७.४ वर आणला, क्लोरीन टाकलं, तुरटी फिरवली. सकाळी गाळ खाली, पाणी नितळ.

पोहताना आठवलं रायगड जिल्ह्यातलंच महाडचं चवदार तळं. नगरपालिकेने १९२४ मध्येच ते सर्वांना खुलं केलं होतं, पण कागदावर! २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि हजारो दलित तिथलं पाणी प्यायले. मग सनातन्यांनी तळं 'शुद्ध' केलं. कसं? १०८ घागरींत दही, दूध, शेण, गोमूत्र भरून त्या मंत्रघोषात तळ्यात बुडवल्या.

आता केमिस्ट्री बघा. हे सगळे सेंद्रिय पदार्थ. पाण्यातला ऑक्सिजन खाणार, जंतूंना पोसणार. पूलमध्ये पडले तर क्लोरीन संपून पाणी गढूळच होणार. म्हणजे ओंजळीने काही बिघडलं नव्हतं, घाण केली ती 'शुद्धी'ने!

प्रकरण कोर्टात गेलं. मज्जाव करणारी रूढी सिद्ध होत नाही, असा निकाल मुंबई हायकोर्टाने दिला १७ मार्च १९३७ ला. पूल एका रात्रीत निवळला, तळ्याला दहा वर्षं लागली...

असो. गोवा हायवेने जाताना महाडला थांबाच.