भाड्याची पावती

मुंबईची चाळ म्हटली की आपल्याला लांबलचक गॅलरी आठवते, नळावरची भांडणे आठवतात, गणपतीतले मेळे आठवतात. चाळीच्या हिशेबाची वही मात्र कोणाला आठवत नाही. आणि खरे सांगायचे तर चाळींचे पुढे जे झाले, ते का झाले याचे उत्तर त्या वहीतच आहे.

माझ्या आजोबांच्या ट्रंकेत भाड्याच्या पावत्यांचा गठ्ठा असे. सुतळीने बांधलेला. आजीच्या पाटल्यांपेक्षा तो जास्त जपला जाई! लहानपणी याचे हसू येई. पुढे इतिहास शिकवू लागलो तेव्हा त्या गठ्ठ्याचे मोल कळले.

एकोणिसाव्या शतकात गिरण्या वाढल्या, कोकणातून आणि देशावरून माणसे आली. पैसेवाल्यांनी चाळी बांधल्या. घरबसल्या दरमहा व्याज येईल, असा त्यांचा हिशेब. पण चाळ म्हणजे काही पेढीवरची ठेव नव्हे. साठ बिऱ्हाडे म्हणजे महिन्याला साठ पावत्या आणि साठ तगादे. लिहायला मेहताजी, वसुलीला भय्या, सफाईला झाडूवाला. शिवाय घरपट्टी, पाणीपट्टी, गळके छप्पर आणि कोर्टाच्या तारखा. खोली रिकामी राहिली तरी यातला बहुतेक खर्च चालूच.

हे काम सरकारलाही सोपे गेले नाही. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये, सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. 1920 मध्ये विकास खाते निघाले. पन्नास हजार गाळे बांधण्याचा त्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात 207 चाळी उभ्या राहिल्या, त्याच आपल्या बी. डी. डी. चाळी. बांधकाम महाग पडले, कामगाराला परवडेल त्या भाड्यात खर्च निघेना, आणि सुरुवातीला कित्येक गाळे रिकामेच राहिले.

पहिल्या महायुद्धात भाडी भडकली, म्हणून 1918 मध्ये भाडेनियंत्रण आले. दुसऱ्या युद्धानंतर 1947 चा कायदा झाला. त्याने भाडे साधारणपणे 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधून टाकले. त्यामुळे हजारो गरीब संसार रस्त्यावर यायचे वाचले, हे विसरून चालणार नाही. पण भाडे थांबले तरी गवंड्याची मजुरी आणि चुन्या-सिमेंटचा भाव कसा थांबणार? मालकाने दुरुस्तीतून अंग काढून घेतले. उघड भाडे वाढेना, तेव्हा पागडीचा चोरटा व्यवहार बोकाळला. पोटभाडेकरू आले. मालकाने भाडे नाकारले की भाडेकरू मनिऑर्डर करी आणि ती परत आली की तो कागदही जपून ठेवी. कोर्टात तोच त्याचा आधार! बाप वारला तरी पावती त्याच्याच नावाने निघत राही, कारण नाव बदलायचे म्हणजे पुन्हा तंटा.

अखेर 1969 मध्ये कायदा करून जुन्या इमारतींवर उपकर बसवण्यात आला आणि दुरुस्तीचे काम एका मंडळाकडे गेले. म्हणजे खर्च नाहीसा झाला नाही, फक्त त्याचा धनी बदलला. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. मग 1999 चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा झाला आणि 31 मार्च 2000 पासून तो अमलात आला. वर्षाला 4 टक्के वाढ मिळाली, पागडीलाही कायद्याने मान्यता मिळाली. पण करून बघा हिशेब : 10 रुपये भाडे या दराने पंचवीस वर्षांनी होते 26 रुपये 66 पैसे. एवढ्यात साधा नळही दुरुस्त व्हायचा नाही!

मालक लबाड की भाडेकरू लबाड, हा वाद चाळीच्या जिन्यावर पुष्कळ रंगला. मला वाटते, दोघेही आपापला कागद धरून बसले होते आणि मधल्या मध्ये भिंत खचत होती. घर राखायला पैसा लागतो. तो कोणी द्यायचा, हे ज्याने त्याने दुसऱ्यावर ढकलले.

आजोबांचा तो गठ्ठा अजून माझ्याकडे आहे. चाळ मात्र राहिली नाही.