वैद्याचा थेंब

इ. स. १६०० साली लंडनच्या विल्यम गिल्बर्ट या वैद्याने चुंबकत्वावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. कोरड्या पृष्ठावरील पाण्याच्या थेंबाजवळ घासलेला तृणमणी नेला, तर थेंब शंकूसारखा वर ओढला जातो, अशी एक नोंद त्यात आहे. जखमा पाहणाऱ्या या माणसाला, हा थेंब एके दिवशी जखमेच्याच कामी येईल, हे कसे कळावे?

पाण्याच्या थेंबाचे तुषार होतात; चिकट द्रवाचा मात्र धागा निघतो. १८८७ मध्ये चार्ल्स बॉइज यांनी विजेच्या यंत्राने लाखेसारख्या पदार्थांतून असे तंतू ओढून दाखवले. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या विल्यम जेम्स मॉर्टन यांनी या रीतीचे पेटंट घेतले. तेही डॉक्टरच, आणि ईथर देऊन वेदनारहित शस्त्रक्रिया घडवून दाखवणाऱ्या मॉर्टन यांचे पुत्र! तरी धागा जखमेपाशी पोहोचला नाही. १९३४ पासून फॉर्महाल्स यांनी तो वस्त्रासाठी कातू पाहिला. गिरण्यांत तो रुजला नाही. १९३८ च्या सुमारास मॉस्कोच्या कारपॉव्ह संस्थेत त्याच्या गाळण्या झाल्या, त्या विषारी धुरापासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांसाठी. म्हणजे धाग्याला पहिले खरे काम दिले ते युद्धाच्या भयाने.

रीत तशी सोपी आहे. पॉलिमरचे द्रावण सुईतून सोडायचे आणि सुईला हजारो व्होल्टचा दाब द्यायचा. टोकावरचा थेंब शंकू होतो, त्यातून धार सुटते, ती चाबकासारखी वळवळत वाळते आणि समोरच्या पत्र्यावर जाळे साचते. यातला तंतू केसाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही बारीक असू शकतो. या शंकूचे गणित जेफ्री टेलर यांनी १९६४ मध्ये मांडले.

आपल्या शरीरातील पेशीही अशाच बारीक तंतूंच्या जाळ्यात राहतात, आणि इथेच धाग्याचे भाग्य उघडले. १९७८ मध्ये लिव्हरपूलचे शल्यविशारद डेव्हिड ॲनिस व त्यांचे सहकारी यांनी याच रीतीने पॉलियुरेथेनची कृत्रिम रक्तवाहिनी घडवली. २००२ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातील संशोधकांनी शरीराचेच द्रव्य, कोलॅजेन, असे कातून दाखवले.

वर्गात मुले विचारतात, ‘याचा उपयोग काय?’ गिल्बर्टच्या थेंबाला त्याचे उत्तर द्यायला पावणेचारशे वर्षे लागली. आणि तेही अपुरेच आहे. कारण बारीक कृत्रिम वाहिनीत रक्त गोठते, हे कोडे अजून पुरते सुटलेले नाही.