शनिवारी बंद असलेला घाणा

बोरी अरबहून बोलते आहे.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गटातल्या आठ जणी मुंबईला बचतगटांच्या प्रदर्शनाला गेलो होतो. तूरडाळ संपली, जवसाची चटणी संपली, मूगवड्याही संपल्या. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी रात्रीची होती, म्हणून एक दिवस मोकळा मिळाला. बाकीच्यांना समुद्र बघायचा होता. माझ्या डोक्यात मात्र मुलीचा प्रश्न होता. इतिहासाच्या पुस्तकात तिनं हिटलर वाचला आणि विचारलं, "आई, ज्यू म्हणजे कोण? आपल्याकडं आहेत का?" मला काही सांगता आलं नव्हतं. अलिबागला गेलं तर समुद्रही दिसेल आणि उत्तरही मिळेल, म्हणून सगळ्यांना तिकडं वळवलं.

गेटवेपासून लाँच तासाभरात मांडव्याला पोचवते. तिथून अलिबागकडं जाताना समुद्राच्या अंगाला नवगाव आहे. कोकणातले ज्यू स्वतःला बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरं म्हणवतात. पूर्वी, कुणी म्हणतात दोन हजार वर्षांपूर्वी, त्यांच्या पूर्वजांचं जहाज इथं खडकावर फुटलं, असं ते सांगत आले आहेत. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना याच किनाऱ्यावर पुरलं, पुरुष वेगळे आणि बायका वेगळ्या. कोणत्या साली हे झालं, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण नवगावला त्यांचं कबरस्तान आहे, पूर्वजांचा स्मारकस्तंभ आहे. आम्ही तिथं चपला काढून उभ्या राहिलो. काढायच्या असतात की नाही ते ठाऊक नव्हतं, पण पायात ठेववेना. आमच्यातल्या थोरल्या काकू म्हणाल्या, "सात जोडपी उरली म्हंजे गावच उरलं ना वो बाई."

गावच उरलं, आणि ते कोकणभर पसरलं. किहीमचे केहीमकर झाले, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. भाषा मराठी झाली. लग्नात हळद-मेंदी आली, बायकांच्या गळ्यात मंगळसूत्र आलं. पोथ्या हरवल्या, पण काही गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. मुलाची सुंता आठव्या दिवशी करायची, खवल्यांचेच मासे खायचे आणि शनिवारी काम करायचं नाही.

या शनिवारावरूनच त्यांचं नाव पडलं. त्यांचा धंदा तेल गाळायचा. आपल्याकडं पूर्वी जवस, करडईचे घाणे होते, तसेच तिकडं खोबऱ्याचे नि तिळाचे. बाकी तेल्यांचा घाणा शनिवारी फिरायचा, यांचा बैल मात्र त्या दिवशी दावणीला. म्हणून गावानं यांना 'शनिवार तेली' म्हटलं. शेजाऱ्यांनी वेगळेपण पाहिलं, त्याला नाव दिलं, आणि रविवारी तेलाचं भांडं घेऊन त्यांच्याच दारी गेले.

अलिबागला 'इस्राएल आळी' आहे. तिथं मागेन आबोथ हे त्यांचं प्रार्थनामंदिर, सिनेगॉग. आम्ही डोक्यावर पदर घेऊन आत गेलो. मूर्ती नाही, फोटो नाही. तिथल्या एका आजींनी आमच्याशी अशा मराठीत गप्पा मारल्या की आमचंच वऱ्हाडी त्यांना परकं वाटलं असेल! त्यांनी मलिदा सांगितला. पोहे भिजवायचे, ओला नारळ, साखर, वेलची, सुकामेवा घालायचा, भोवती फळं मांडायची. नवस फेडताना, लग्नाआधी, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावानं तो करतात. काकूंनी प्रमाण दोनदा विचारून घेतलं.

याच समाजातल्या डॉक्टर जेरुशा झिराड. लंडनहून शिकून आल्या आणि 1928 पासून 1947 पर्यंत मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. बाळंतपणात बाई मरू नये म्हणून त्यांनी आयुष्य घातलं.

आता तिकडची गोष्ट. जर्मनीतले ज्यूही तिथं शेकडो वर्षं राहत होते, तिथलीच भाषा बोलत होते. दुकानदार, शिंपी, डॉक्टर, शिक्षक, सगळे होते. 1933 च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. 1 एप्रिलला ज्यूंच्या दुकानांपुढं माणसं उभी केली, काचांवर खुणा रंगवल्या आणि सांगितलं, इथून माल घेऊ नका. मैत्रिणींनो, मी नंतर पाहिलं, तो वार शनिवार होता. म्हणजे सण पाळणाऱ्या ज्यूंची दुकानं त्या दिवशी तशीही बंदच होती.

इथं शनिवारमुळं टोपणनाव पडलं. तिथं यादी झाली. 1935 साली नागरिकत्व गेलं. 1938 च्या नोव्हेंबरात एका रात्रीत शेकडो सिनेगॉग जाळले. पुढं छातीवर पिवळी चांदणी शिवायची सक्ती आली, मग मालगाड्या, मग छावण्या. 1945 पर्यंत साठ लाख ज्यू मारले गेले, त्यात कडेवरची लेकरंही होती. 2011 च्या जनगणनेत आपल्या यवतमाळ जिल्ह्यात सगळे मिळून अठ्ठावीस लाखांच्या आसपास लोक होते, त्यावरून काय ते समजा.

आणि हे द्वेषाचं काम कशानं केलं? रेडिओनं. हिटलरच्या सरकारनं 1933 मध्येच स्वस्तातला रेडिओ बाजारात आणला, घराघरात भाषणं पोचावीत म्हणून. मी माइकपुढं बसते, म्हणून मला हे जास्त टोचतं.

त्यातून निसटून काही जण मुंबईला आले. इथल्या ज्यूंनी 1934 मध्ये त्यांच्यासाठी मदतसंस्था काढली. त्याच वर्षी वॉल्टर कॉफमन नावाचा संगीतकार बोटीनं उतरला. तो आपलं संगीत शिकला, आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर नोकरीला लागला आणि त्यानं एक धून बांधली. तंबोऱ्यावर व्हायोलिन. सकाळची सभा सुरू व्हायच्या आधी वाजते ती. झाडझूड करताना, चूल पेटवताना आपल्या आईनं, आजीनं ऐकली ती. घर सुटलेल्या एका ज्यू माणसाची ती धून आहे.

आपण फार थोर, असं म्हणून पाठ थोपटायची मला इच्छा नाही. युद्ध सुरू झाल्यावर इंग्रज सरकारनं जर्मन पासपोर्टवाल्या ज्यूंनाही शत्रू ठरवून काही काळ छावण्यांत कोंडलं. बेने इस्राएलमध्येही 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता आणि रोटीबेटी होत नसे. जातीची हवा त्यांनाही लागली होती. पुढं इस्राएल देश झाल्यावर बहुतेक तिकडं गेले, तर तिथं 'तुम्ही खरे ज्यू का' असं लग्नाच्या वेळी विचारलं गेलं. 1964 साली मोठं आंदोलन करून त्यांनी ते मिटवलं. इथून मात्र त्यांना कुणी हाकललं नव्हतं. आता आळीत घरं थोडी उरली आहेत.

परतताना लाँचवर आमच्यातली एक म्हणाली, "आपल्या गावाच्या नावात तं अरब हाये. उद्या कोणी म्हटलं, हे नाव बाहेरचं, तं?" कुणी बोललं नाही. काकू समुद्राकडं पाहत होत्या. मग त्याच म्हणाल्या, "मागच्या साली गावाबाहेर पालं पडली होती, तवा त्यांच्यापासून चादरी घेऊ नका म्हणून आपणच गटात ठरवलं होतं ना?" ठरवलं होतं. वहीत सह्या आहेत, माझीही आहे. या महिन्याच्या बैठकीत तो ठराव आम्ही पुन्हा वाचायला घेतला आहे.

घरी आल्यावर मुलीला सगळं सांगितलं आणि मोबाइलवर ती धून लावली. तिनं कधी ऐकलीच नव्हती. स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "अवं, दिवे लागले तरी ही आत्ता कशी वाजून राहिली?"